नोकरी गेली, तर शनिवार उलटायच्या आत: कॅलिफोर्नियातल्या बेकारी भत्त्याचा अर्ज

माझी नोकरी एका बुधवारी सकाळी गेली. साडेनऊला मीटिंगचं निमंत्रण, दहाला लॅपटॉप बंद. त्यानंतर तीन आठवडे मी बेकारी भत्त्याचा अर्जच केला नाही. वेळ नव्हता असं नाही, वेळच वेळ होता. लाज वाटत होती. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, “सरकारकडून पैसे घेणार? म्हणजे रेशनसारखं का रे?” आणि खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं.

त्या तीन आठवड्यांचे पैसे मला कधीच मिळाले नाहीत. कॅलिफोर्नियात भत्ता नोकरी गेल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या आठवड्यात अर्ज टाकता त्या आठवड्याच्या रविवारपासून मोजतात. आठवडा रविवार ते शनिवार. बुधवारी नोकरी गेली आणि शनिवारी रात्री अर्ज गेला, तर तो आठवडा तुमचा; रविवारी सकाळी टाकलात तर हातचा गेला. मागची तारीख मागता येते, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि “लाज वाटली” हे त्यात बसत नाही.

आईला मी नंतर समजावलं ते असं: हा विमा आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर कंपनी राज्याला कर भरते, त्या पैशातून हा भत्ता येतो. तुमच्या पगारातून एसडीआय म्हणून जे कापलं जातं ते वेगळं. ते आजारपण आणि बाळंतपणासाठी. या विम्याची देशभरची चौकट १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातली, पण दर राज्याचे नियम निराळे आणि रक्कमही निराळी. कॅलिफोर्नियात आठवड्याला कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त ४५० डॉलर, तेही फार तर २६ आठवडे. फ्लोरिडात कमाल २७५. न्यू जर्सीत कॅलिफोर्नियाच्या जवळपास दुप्पट. बे एरियात घरभाडं किती आहे ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ४५० डॉलरवर संसार चालणार नाही. पण महिन्याचा किराणा, वीज, फोन आणि गाडीचा विमा त्यात बसतो, आणि बचतीला तेवढा कमी हात लागतो.

आधी व्हिसाचं

अर्ज करणाऱ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते: काम करण्याइतकी तब्येत ठीक असावी, मिळालं तर लगेच काम धरता यावं, आणि काम शोधत असावं. दुसऱ्या अटीवर आपले लोक अडतात.

नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांना अडचण नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, असलेल्या, एल-२ वर (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्या जोडीदारांना, आणि ग्रीनकार्डचा शेवटचा अर्ज भरून ईएडी हातात असलेल्यांना कुठल्याही मालकाकडे काम करता येतं, त्यामुळे तेही अर्ज करू शकतात. एच-१बी मात्र एका कंपनीला बांधलेला परवाना. ती कंपनी सुटली की लगेच कुठेही रुजू होता येत नाही, नव्या मालकाने कागद दाखल करावे लागतात. म्हणून एच-१बीवाल्यांचा अर्ज बहुधा याच मुद्द्यावर नामंजूर होतो. त्यांच्यासमोर वेगळंच घड्याळ टिकटिकत असतं: ६० दिवसांची सवलत, किंवा आय-९४ ची, म्हणजे देशात राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत आधी संपत असेल तर तेवढेच दिवस. त्यांनी पहिला फोन इमिग्रेशन वकिलाला करावा. आणि एक ध्यानात ठेवा, नवऱ्याचा एच-१बी गेला की त्यावर टेकलेला बायकोचा एच-४ आणि तिचं ईएडीही डळमळतं.

“भत्ता घेतला तर ग्रीनकार्ड अडेल” ही भीती मंडळाच्या प्रत्येक गणपतीत कुणीतरी कानात सांगतंच. सरकारवर भार ठरवण्याच्या २०२२ च्या नियमात बेकारी विमा मोजलेला नाही. तो कामातून मिळवलेला हक्क धरतात. तुमची फाइल नाजूक वळणावर असेल तर वकिलाला एकदा विचारून घ्या, पण ऐकीव गोष्टीवर हक्क सोडू नका.

आणखी एक. हा भत्ता फक्त आयटीवाल्यांचा नाही. ग्रीनकार्डवर आलेले आणि इंडियन ग्रोसरीत किंवा डे-केअरमध्ये काम करणारे आपले काका-काकूही यात येतात. तास कमी केले तरी अर्ज करता येतो, पूर्ण नोकरी जायलाच हवी असं नाही.

कुठल्या राज्यात?

राहता तिथं नाही, काम केलंत तिथं. घरून काम करणाऱ्यांचा इथं घोळ होतो. कंपनी टेक्ससची, घर फ्रीमाँटला, मग? डब्ल्यू-२, म्हणजे मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कराचा फॉर्म, काढा आणि १५ नंबरच्या चौकटीत कुठलं राज्य आहे ते बघा. कॅलिफोर्निया असेल तर अर्ज ईडीडीकडे, म्हणजे एम्प्लॉयमेंट डेव्हलपमेंट डिपार्टमेंटकडे.

राजीनामा देऊ नका

हा मुद्दा अर्जाच्या आधीचा, पण सगळ्यात महागात पडणारा. काही ठिकाणी मॅनेजर गोड बोलून सुचवतात, “तू स्वतःच राजीनामा दे, रेकॉर्डवर बरं दिसेल.” आपल्याकडे ‘काढून टाकलं’ या शब्दाचा इतका धसका, की माणूस पटकन सही करून मोकळा होतो. सबळ कारणाशिवाय स्वतःहून सोडलेल्या नोकरीला भत्ता नाही. कागदावर ‘लेऑफ’ लिहिलेलं असेल तर तो तुमच्या फायद्याचा शब्द आहे, राहू द्या. आणि ‘कामगिरी कमी पडली’ म्हणून काढलं असलं तरी हिरमुसू नका. भत्ता अडतो तो गैरवर्तनामुळे. काम जमलं नाही, वेग कमी पडला, हे गैरवर्तनात धरत नाहीत.

कॅलिफोर्नियात कामावरून कमी केलं की शेवटचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. ते आले का बघा. भत्त्याची माहिती देणारं ईडीडीचं पत्रकही कंपनीने द्यायचं असतं. ते लिफाफ्यात असतं आणि कुणी वाचत नाही.

कागद एका जागी

चहा घ्या, टेबलावर हे सगळं मांडा, मगच फॉर्म उघडा. सोशल सिक्युरिटी नंबर. ड्रायव्हर लायसन्स. नागरिक नसाल तर ग्रीनकार्ड किंवा ईएडी, त्यावरचा नंबर आणि मुदतीची तारीख. गेल्या १८ महिन्यांतल्या प्रत्येक मालकाचं नाव, पत्ता, फोन, कधीपासून कधीपर्यंत काम केलंत, आठवड्याला किती तास, पगार किती. शेवटच्या आठवड्यात, म्हणजे रविवारपासून कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, कर कापण्याआधी किती मिळवलेत तो आकडा.

मालकाचं नाव पे-स्टबवर आहे तसंच लिहा. कन्सल्टन्सीमार्फत काम करणारे क्लायंटचं नाव टाकतात. तुम्ही दोन वर्षं एखाद्या बँकेच्या इमारतीत बसला असाल, पण पगाराची पावती एडिसनच्या कुठल्याशा कन्सल्टन्सीची असेल, तर तुमचा मालक ती कन्सल्टन्सी.

आता आपलं खास दुखणं: नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते पहिल्या नावालाच चिकटलेलं, लायसन्सवर गायब. बायकांचं आणखी: कार्ड माहेरच्या नावाचं, पे-स्टब सासरच्या. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव टाका आणि इतर नावांची जागा आहे तिथं बाकीची सगळी द्या. नावं जुळली नाहीत की ओळख पटवण्याचं पत्र येतं, कागद पाठवावे लागतात आणि आठवडे जातात. २०२० च्या साथीत बनावट नावांनी अर्ज करून भामट्यांनी अब्जावधी डॉलर लाटले, तेव्हापासून ओळखीची चाळणी बारीक झाली आहे. आयडी डॉट मी नावाच्या सेवेवर सेल्फी आणि लायसन्सचा फोटो मागतात. खिडकीजवळच्या उजेडात काढा.

अर्ज

ईडीडी डॉट सीए डॉट जीओव्ही या साइटवर मायईडीडी खातं उघडा, त्यातून यूआय (बेकारी विमा) ऑनलाइनमध्ये जा. अर्जाला पैसे लागत नाहीत. शेवटी जीओव्ही नसलेली साइट, फी मागणारा एजंट, ‘तुमचा भत्ता थांबला आहे, इथं क्लिक करा’ असा मेसेज, सगळं फसवणुकीचं.

फॉर्म अर्ध्यापाऊण तासाचा. नोकरी का गेली या प्रश्नाला ‘लेड ऑफ, लॅक ऑफ वर्क’ हा पर्याय असतो, तो निवडा. खाली स्पष्टीकरणाची जागा आली तर एक वाक्य पुरे: कंपनीने कर्मचारी कमी केले, त्यात माझं पद गेलं. मी तिथं कंपनीच्या पुनर्रचनेवर निबंध लिहिला होता. जितकं जास्त लिहाल तितके जास्त प्रश्न उगवतात.

सेव्हरन्सबद्दल, म्हणजे काढताना कंपनी वरून देते त्या पैशांबद्दल, विचारलं तर खरं सांगा. कॅलिफोर्नियात सेव्हरन्समुळे भत्ता सहसा कमी होत नाही, आणि नोकरी कायमची गेली असेल तर साठलेल्या रजेच्या पैशांमुळेही नाही. बरेच जण ‘सेव्हरन्स संपल्यावर बघू’ म्हणून दोन-तीन महिने घालवतात, ते उगाच. अपवाद एकच: कंपनीने तुम्हाला नोटीशीच्या काळात घरी बसवून पूर्ण पगार चालू ठेवला असेल, तर तो पगार चालू असेपर्यंत भत्ता मिळत नाही.

१०९९ वर, म्हणजे पगारी नोकर नव्हे तर कंत्राटदार म्हणून, काम करणाऱ्यांना हा विमा एरवी लागू नाही. पण कॅलिफोर्नियाने २०२० पासून कंत्राटदार कुणाला म्हणायचं याचे नियम कडक केले. वेळ, काम, पद्धत सगळं कंपनीच ठरवत होती आणि फक्त कागदावर तुम्ही कंत्राटदार होता, असं असेल तर अर्ज करा. छाननी ईडीडी करेल.

किती मिळेल, आणि नव्याने आलेल्यांचं गणित

रक्कम ठरते ती ‘बेस पीरियड’ मधल्या पगारावरून. हे बारा महिने अर्जाच्या तारखेच्या लगेच आधीचे नसतात, थोडे मागचे असतात. जानेवारी ते मार्चमध्ये अर्ज केला तर त्याआधीच्या सप्टेंबरअखेरपर्यंतचं वर्ष धरतात. एप्रिल ते जूनमध्ये केला तर मागचं जानेवारी ते डिसेंबर. जुलै ते सप्टेंबरमध्ये केला तर मार्चअखेरपर्यंतचं, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये केला तर जूनअखेरपर्यंतचं. त्या चार तिमाहींत सगळ्यात जास्त पगाराची जी तिमाही, तिच्यावर आठवड्याचा भत्ता. त्या तिमाहीत ११,६७४ डॉलरच्या वर मिळवले असतील तर थेट ४५०. पात्र ठरायला एका तिमाहीत १,३०० डॉलर पुरतात. एकूण रक्कम मात्र २६ आठवड्यांचा भत्ता किंवा बेस पीरियडच्या पगाराचा निम्मा भाग, यात जे कमी ते.

वर्षानुवर्षं नोकरी केलेल्यांनी हे वाचून सोडून द्यावं. ४५० गुणिले २६, म्हणजे ११,७०० डॉलर, झालं. नव्याने कामाला लागलेल्यांनी मात्र इथं थांबावं. समजा एका ताईंना ईएडी मिळालं, त्या फेब्रुवारीत महिना ८,००० डॉलरवर रुजू झाल्या आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लेऑफ झाला. त्यांनी लगेच अर्ज केला तर मार्चअखेरपर्यंतचाच पगार धरतील. म्हणजे दोन महिने, १६,०००, त्याचा निम्मा ८,०००. तोच अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला केला तर फेब्रुवारी ते जून असे पाच महिने, ४०,०००, आणि पूर्ण ११,७०० मिळू शकतात. एका आठवड्याच्या थांबण्यात ३,७०० डॉलरचा फरक. ‘लगेच अर्ज करा’ या माझ्या आग्रहाला हा एवढाच अपवाद, तोही तिमाही संपायला थोडे दिवस उरले असतील आणि तुमची नोकरी नवी असेल तरच.

मग पत्रं येतात

साधारण पहिलं येतं ते रकमेचं पत्र, नोटीस ऑफ यूआय अवॉर्ड. त्यावर ४५० दिसलं म्हणून पेढे वाटू नका. तो तुमच्या पगारावरून काढलेला आकडा आहे, मंजुरी नव्हे. त्यातला तिमाहीवार पगार आपल्या पे-स्टबशी ताडून बघा. एखादी तिमाही कोरी असेल तर पुरावे जोडून लगेच कळवा. दरम्यान कंपनीलाही पत्र जातं आणि तिला उत्तर द्यायला १० दिवस असतात. दोघांची उत्तरं जुळली तर पुढं काही होत नाही. नाही जुळली तर फोनवरच्या मुलाखतीची वेळ येते. तो फोन अनोळखी नंबरचा असतो आणि आपण सगळे अनोळखी नंबर कापतो. त्या दिवशी कापू नका.

कॅलजॉब्स या राज्याच्या साइटवर नाव नोंदवून रेझ्युमे टाकणं हेही याच काळात, अर्जापासून २१ दिवसांत. तिथं नोकरी मिळेल अशी आशा मी धरली नव्हती आणि मिळालीही नाही, पण अट ती अट. कधी कार्यशाळेचं किंवा भेटीचं बोलावणं येतं, तिथं जावं लागतं. चुकवलं तर भत्ता अडू शकतो.

दर दोन आठवड्यांनी

खरी परीक्षा अर्जात नाही, ‘सर्टिफाय’ करण्यात आहे. दर दोन आठवड्यांनी सहा प्रश्न, प्रत्येक आठवड्यासाठी वेगळे. आजारी होता का? पूर्ण वेळ काम घेता आलं नसतं असं दुसरं काही कारण? काम शोधलं का? काम नाकारलं का? शिक्षण सुरू केलं का? काम केलं किंवा पैसे मिळवले का? पहिला आठवडा बिनपैशाचा, त्याला वेटिंग वीक म्हणतात, पण तोही सर्टिफाय करावाच लागतो. तो वगळला तर पुढचा आठवडा वेटिंग वीक होतो. अर्जापासून पहिले पैसे येईपर्यंत साधारण तीन आठवडे धरा. पैसे बँकेत, डेबिट कार्डावर किंवा चेकने घेता येतात.

काम शोधल्याची एक वही ठेवा: तारीख, कंपनी, पद, कसा अर्ज केला. मी गूगल शीट ठेवली होती. मागतील तेव्हा दाखवायला हाताशी असलेली बरी.

शेवटच्या प्रश्नात मी अडकलो. एका मित्राचं दोन दिवसांचं काम केलं, त्याने पैसे महिन्याने दिले, आणि मी ते पैसे आले त्या आठवड्यात दाखवले. चूक. ज्या आठवड्यात काम केलंत त्या आठवड्यात दाखवायचे, कर कापण्याआधीचे, मग ते हातात कधीही पडोत. मी स्वतःहून कळवलं, जास्तीचे पैसे परत केले, प्रकरण मिटलं. मुद्दाम लपवलं असतं तर रकमेवर ३० टक्के दंड आणि पुढचे काही आठवडे भत्ता बंद.

थोडं काम केलं की सगळा भत्ता जातो असंही नाही. मिळकतीतले २५ डॉलर किंवा २५ टक्के, जे जास्त असेल ते सोडून उरलेलं वजा होतं. आठवड्यात २०० मिळवले तर ५० सोडून १५० वजा, ४५० मधले ३०० मिळाले. वजा झालेले १५० बुडत नाहीत, तुमच्या खात्यातल्या शिलकीत राहतात. ६०० मिळवले तर त्या आठवड्याला शून्य.

आता भारताची फेरी. नोकरी गेली की पहिला विचार हाच: चार आठवडे घरी जाऊन येऊ, आईबाबा बरेच दिवस म्हणताहेत. जरूर जा. पण रत्नागिरीत आंबे खात असताना तुम्ही कॅलिफोर्नियात कामाला उपलब्ध नसता. त्या आठवड्यांचा भत्ता मिळत नाही आणि दुसऱ्या प्रश्नाला तसं खरं उत्तर द्यावं लागतं. बायकोला किंवा रूममेटला पासवर्ड देऊन इथून सर्टिफाय करायला लावणं ही सरळ फसवणूक आहे, आणि पासपोर्टवर शिक्के असतात. ते आठवडेही शिलकीत राहतात. क्लेम वर्षभर, म्हणजे ५२ आठवडे, जिवंत असतो. परत आलात की पुन्हा सुरू करा.

नामंजूर झालं तर

पत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील. फॉर्म पत्रासोबतच येतो, कारण दोन ओळींत लिहिलं तरी चालतं. सुनावणी वेगळ्या मंडळापुढं होते, न्यायाधीश तुमचं आणि मालकाचं ऐकतो, बहुधा फोनवर. वकील लागत नाही, लेऑफचं पत्र आणि ईमेल लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अपील चालू असताना सर्टिफाय करणं थांबवू नका. जिंकलात तर सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच पैसे मिळतात.

बाजूची दोन कामं

आरोग्य विमा: कंपनीचा विमा कोब्रावर, म्हणजे सगळा हप्ता स्वतः भरून, पुढं चालवायचा की कव्हर्ड कॅलिफोर्निया या राज्याच्या विमा बाजारातून नवा घ्यायचा, दोन्हीला ६० दिवसांची मुदत असते. कोब्राचा हप्ता बघून बहुतेकांना घाम फुटतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी मांडूनच ठरवा.

आणि कर. या भत्त्यावर कॅलिफोर्नियाचा आयकर नाही, केंद्राचा आहे. अर्जाच्या वेळी १० टक्के कापून घ्यायचा पर्याय असतो. मी ‘आत्ता पैशांची गरज आहे’ म्हणून तो घेतला नाही. साडेचार महिन्यांनी नोकरी लागली, शेवटच्या आठवड्यातला दीड दिवसाचा पगार दाखवला आणि सर्टिफाय करणं बंद केलं. जानेवारीत मायईडीडीवर १०९९-जी, म्हणजे वर्षभरात मिळालेल्या भत्त्याचा, फॉर्म आला, आणि एप्रिलमध्ये जोडीदाराच्या पगारावर चढलेल्या त्या रकमेचा कर एकरकमी भरताना मला ते १० टक्के आठवले.